दुसरी वायर

डिचोलीत, दुपारी अडीचला, लाइट आहे तोवर
कॅबिनेट आडवं करून मी कार्ड बसवलं.
पप्पा शेजारी, चष्मा पुसत.
तीस वर्षं वीजखात्यात, बहुतेक खांबावरच.

एकाच वायरीला दोन तोंडं होती.
म्हटलं, दोन्ही लावून टाकते.
"नको गे बाय. दुसरी ओढ, थेट सप्लायपासून.
जत्रेला एका फेजवर अख्खा वाडा टांगलेला बघितलाय मी.
वास आधी येतो, धूर मागून."

सहा पिना, बाजूला दोन सुट्या,
चिमटीत एकत्र धरल्या तरी बसेनात.
"जोर नको. खाच बघ."
टक्.

स्विचपाशी गेले,
आठच बोटं उरलेले हात पँटला पुसले
आणि सवयीने ओरडले,
"हात काढा सगळ्यांनी!"

खोलीत आम्ही दोघंच.
मी हात काढले.