एल-फोर, एल-फाइव्ह

डॉक्टरने उजेडाच्या काचेवर माझा कणा लावला
नि पेनच्या टोकाने दाखवलं:
हा एल-फोर, हा एल-फाइव्ह, मधली जागा गेलेली.
मी म्हटलं, आमच्याकडं पण असंच.
सेक्टर, प्लॉट, आणि मधली जागा गेलेली.
त्याने ऐकलं नाही. तो सुनेशी बोलत होता.

केसपेपरवर: मढवी धर्मी लाडक्या.
वय अडुसष्ट, हे अंदाजाने.
साखर एकशे नव्वद, हे मशीनने.
घणसोली गाव, हे मी तोंडाने सांगितलं,
तिथे काउंटरवरच्या पोरीने सेक्टरचा आकडा टाकला.

'कधी वजन उचलायचात का, मावशी?'
कधी म्हणजे?
बाराव्या वर्षी मिठागरात उतरले.
वाळलेलं मीठ हलकं,
पण वाळेपर्यंत थांबतो कोण?
ओली टोपली डोक्यावर, बांध वीतभर,
टाचांच्या भेगांत खार,
आणि टोपलीतलं पाणी कानामागून गळत
पाठीवरनं खाली, थेट या जागेपर्यंत,
जिथे तो आता अंगठा दाबून विचारतो, इथे?
इथंच.

पालथं निजवलं. पोटाखाली उशी.
काहीतरी गार, तपकिरी, तीनदा पुसलं.
वर कमानीसारखं मशीन,
पडद्यावर माझी हाडं,
मी सोडून सगळ्यांना दिसत होती.
'दाब जाणवेल. हलू नका.'

न हलणं मला येतं.
मोजणीवाले आले तेव्हा सासऱ्यांनी हेच सांगितलेलं,
कुणी हलायचं नाही.
आम्ही ओटीवर बसून होतो,
ते साखळी ओढत खळ्यातून गेले.

सुई गेली.
अंगठ्यापर्यंत एक कळ, वीज चमकावी तशी,
मग कोमट,
मग काहीच नाही.
सात मिनिटं. प्रणिता म्हणाली, अकरा हजार.

वाकू नका आठ दिवस.
साखर वाढेल, पंधरा दिवस बघत राहा.
टिकेल तीन महिने, एखाद्याला सहा,
एखाद्याला तेवढंही नाही.
वर्षात तीनच देतो आम्ही.
मग?
मग बघू.
हे 'मग बघू' मी बेलापूरच्या जिन्यांवर
सासऱ्यांची फाइल काखेत धरून ऐकलंय.

चौथ्या पहाटे जाग आली,
पलंगाच्या कडेला बसून दुखण्याची वाट बघितली.
आलं नाही.
रोज चहाला येणारी शेजारीण एकाएकी यायची थांबावी,
तसं घर मोठं वाटलं, थोडं परकंही.
कुणी उठायच्या आत चार मजले उतरले,
खाडीच्या बाजूला, तिवरांपाशी गेले,
आणि उकिडवी बसले.
तीन वर्षांनी.
आठ दिवस झाले नव्हते, ठाऊक होतं.
समोर चिखलात एक निवटी उड्या मारत होती,
तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.
त्या दिवशी साखर दोनशे सत्याऐंशी.
प्रणिताने दुपारचा भात काढून घेतला,
वर विचारलं, कुठं गेलेलात?

महिन्याने डॉक्टर: 'किती टक्के फरक?'
मी म्हटलं, साडेबारा.
प्रणिता तोंडाला पदर लावून फुटली.
तो अकोल्याकडचा, नवा,
त्याने मान न हलवता लिहून घेतलं,
बारा पूर्णांक पाच.

रिक्षात ती हसत होती तळोजा फाट्यापर्यंत,
म्हणजे वाट चुकली तरी हसत होती.
खरं तर निम्म्याच्या वर होता फरक.
पण मिळालेलं सगळं कबूल केलं
की पुढची फाइल उघडत नाहीत,
हे तिला कोण सांगणार?

काल जिना उतरताना
डाव्या मांडीत पुन्हा काहीतरी सरकलं.
बोलले नाही.
पीठ मळून झालं होतं,
आधी भाकऱ्या थापल्या.