वजनकाट्याच्या पावत्या

सावद्याबाहेर, काट्याच्या खोलीत
हे बसतात सकाळी सातपासून.
केळीचा ट्रक चढतो, खिडकी थरथरते,
लाल आकडा वरखाली होतो, मग ठरतो.
हे पावती फाडतात:
भरलेलं, रिकामं, निव्वळ.
पावतीची मागची बाजू कोरी असते.
आमच्या घरातलं सव्वीस वर्षांचं साहित्य
सगळं त्या मागच्या बाजूला आहे.

धुण्याआधी मी खिसे तपासते.
एकदा राहिलं,
तर एक अख्खा उंदीर, टोपीसकट,
निळीच्या पाण्यात विरघळून गेला.
दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, बरं झालं,
त्याचं यमक तसंही लंगडत होतं.

नात्यागोत्यात ह्यांची ओळख
काट्यावरचे डिगंबरराव फेगडे.
कविता करतात, हे आवाज खाली घेऊन सांगतात,
एखाद्याला फिट येतात हे सांगावं तसं.
वर्षातून एकदा शाळा बोलावते.
शाल, नारळ, आणि माईकची कुईं.
लेक सुरतेला. त्याला एकही ओळ पाठ नाही.
नातवाला फोनवर उंटाची कविता ऐकवली,
तो गुजरातीत हसला.
हे म्हणाले, हसला ना? मग झालं.

वांगी भाजून माझे हात काळे,
आणि हे ताटावर बोटांनी मात्रा मोजत विचारतात,
वांग्याला हसू आलं
तर पोटात येईल की देठात?
मी म्हणते, भरताचं मीठ बघा.
मीठ बरोबर आहे, म्हणतात,
देठातच येईल.

चैत्रात गच्चीवर बिबड्या घालते.
कावळे हाकलायला गल्लीतली पोरं.
मजुरी ठरलेली: एक ओली बिबडी, एक कविता.
बिबडी आधी मागतात.
परवा दुपारी हे काट्यावरून जेवायला आले,
चपला न काढताच जिना चढले,
पावती उलटी धरून वाचू लागले:

मुंगी चढली काट्यावर,
आकडा हलला नाही बरं!
मुंगी म्हणे, थांबा जरा,
माझं वजन आहे खरं!

वारक्यांचा लोकेश बोट चाटत म्हणाला, मंग?
मंग काही नव्हतं.
हे तेवढ्यावरच अडले होते, आठवडाभर.
तेव्हा तडव्यांची नजमा,
जी एरवी कावळ्यांशीही बोलत नाही,
काठी खाली ठेवून म्हणाली,
काका, ती रिकामी चढली असंन.
तिले गूळ खाऊ द्या,
मंग भरलेली मोजा.

हे मटकन बसले.
एका बिबडीवर बसले, ती गेली.
सव्वीस वर्षं काट्यावर घालवली, म्हणाले,
आणि हे माझ्या डोक्यात नाही आलं!
नजमाला त्या दिवशी दोन बिबड्या.
लोकेशने तंटा केला. त्यालाही दोन.

आज सदऱ्याच्या खिशात पावती नव्हती.
पुण्याच्या मासिकाचं पत्र होतं, चार घड्यांचं,
तारीख दीड महिन्यामागची.
कळविण्यास खेद होतो की बालविभाग यापुढे.
ती ओळ मी दोनदा वाचली.
दीड महिना हा माणूस
रोज संध्याकाळी टपालाचं विचारत होता,
मला कळू नये म्हणून.

पत्र उलटं केलं.
मागे, पेन्सिलीने, खोडाखोड करून:

गूळ खाऊन आली मुंगी,
काट्यावरती बसली ऐट.
आकडा म्हणतो, हलू का मी?

चौथी ओळ नव्हती.

सदरा भिजत घातला.
पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं,
पेन्सिलीची बाजू वर.
रात्री कळण्याची भाकरी वाढताना विचारलं,
मुंगी किती भरली मग? गूळ वजा जाता?
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.
भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत म्हणाले,
अजून कळलं नाही.
उतरतच नाहीये ती.