टाइमआउटला ऐकलेलं

विद्यापीठातून फॉर्म आलाय.
महिला महाविद्यालयीन बास्केटबॉल, सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक.
तीन नावं, पुढे शंभरपैकी गुण,
तळाशी परीक्षकाची सही.
परीक्षक म्हणे मी.

मी, जिने बत्तीस वर्षं नुसते आकडे भरले,
बँकेतून पाचला सुटून,
एका क्वार्टरला लाल शाई, दुसऱ्याला निळी,
नागपाड्याच्या सिमेंटवर, माटुंग्याला,
आणि वडाळ्याच्या त्या उघड्या कोर्टावर,
जिथे खाडीकडून वारा सुटला की
शीटवर डब्याचं झाकण ठेवावं लागे.

हर्मिना लोपीस : अकरा विजेतेपदं.
हे कुणीही सांगेल. त्या स्वतःही सांगायच्या.
उज्ज्वला कर्णिक : चार, पण पाच मुली देशाकडून खेळल्या.
जुलेखा मुकादम : एकही नाही.
एकदा अंतिम सामना, एका गुणाने हार.
तो गुण मीच मांडला.

पण गुणलेखकाचं टेबल दोन बाकांच्या मधोमध असतं
आणि टाइमआउट एका मिनिटाचा.
प्रेक्षकांना दिसतात वाकलेल्या पाठी.
मला ऐकू यायचं.

लोपीस बाई ओरडत नसत.
हळू बोलत, त्याचीच धास्ती.
"सात नंबरचा डावा गुडघा गेलाय. डावीकडूनच जा."
मुली डावीकडूनच गेल्या.
सात नंबर पुढच्या मोसमात दिसली नाही.
शीटमध्ये याला रकाना नाही.

कर्णिक बाईंचं मिनिट म्हणजे भूमितीचा तास.
खडूने जमिनीवर बाण, बाणावर बाण.
एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, यातली मी कोणती?"
तोवर शिट्टी झालेली.
तिनेच शेवटी बास्केट टाकली,
बाण जिथे संपला होता तिथून.

मुकादम मॅडम अर्धं मिनिट गप्प.
पाणी. टॉवेल. कुणाच्या बुटाची नाडी.
मग भलतंच काहीतरी,
"तन्वीर, अम्मीचं ऑपरेशन झालं का गं?"
मुलगी हसायची, डोळे पुसायची,
आणि पुढच्या चार मिनिटांत टीम बारा गुण देऊन बसायची.
तेही मीच लिहिलंय.

मला वाटायचं, निकाल सोपा आहे.
एक मोठी, एक हुशार, एक चांगली.

परवा सात नंबर भेटली, गिरगावात, चष्म्याच्या दुकानात.
पायऱ्या एक एक करून उतरत होती.
न राहवून विचारलं, लोपीस बाईंचा राग येतो का अजून?
"त्यांचा कशाला? मीपण डावीकडूनच गेले असते.
राग येतो तो मुकादम मॅडमचा.
मी रडले, म्हटलं खेळू द्या,
आणि त्यांनी खेळू दिलं."
मग फ्रेम डोळ्यांवर चढवून म्हणाली,
"ही जाड दिसते का?"

आता माझी गोष्ट. ती फॉर्मात विचारलेली नाही.
अठराव्या वर्षी निवड चाचणीत
लोपीस बाईंनी दहा मिनिटं माझं ड्रिबल पाहिलं
आणि म्हणाल्या, "हात नाहीत तुला. डोळे आहेत.
जा, टेबलावर बस."
मी प्रसाधनगृहात जाऊन रडले,
आणि परत येऊन बसले.
त्यांनी मला पारखलं की वाटेतून बाजूला केलं,
बत्तीस वर्षं मोजतेय, बेरीज जमत नाही.

सामना संपला की शेवटच्या आकड्याभोवती वर्तुळ काढायचं,
खाली दोन जाड रेघा,
उरलेला रकाना तिरकी रेघ मारून बंद.
मग सही. मग हात धुऊन चहा.

फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय.
एका नावापुढे पेन्सिलीने एक आकडा लिहिला होता, खोडला,
पण कागदावर दाब राहिलाय,
दिव्याखाली धरला तर वाचता येतो.

पंखा चालू आहे.
मी त्यावर डब्याचं झाकण ठेवलंय.