शंभराचा दगड

माझ्या कुंपणापासून दीडशे पावलांवर तो दगड:
सान्तियागो, शंभर किलोमीटर.
पायी आल्याचं प्रमाणपत्र हवं
तर निदान इथून तरी चालावं लागतं.
म्हणून गर्दी इथेच उगवते.

आईच्या वेळी आठवड्याला एखादा यायचा.
कुत्रं भुंकलं की ती कोबीचं सूप चुलीवर ठेवायची
आणि तो जेवेपर्यंत काही विचारायची नाही.
तो गेला की आठ दिवस आमच्याकडे विषय तोच:
त्याचे बूट, त्याची दाढी,
त्याने पाव कसा कुस्करला.

आता कुत्रं भुंकत नाही.
त्याने केव्हाच नाद सोडला.

सकाळी साडेसात. गोठ्याचं दार उघडते.
गायी अलीकडे, गवत पलीकडे,
मधून माणसं.
पिवळ्या टोप्यांच्या शाळा,
टॅक्सीने पुढे गेलेल्या बॅगांचे मोकळ्या पाठीचे मालक,
बुरखा मागे टाकून चालणारी कुणाची तरी होणारी नवरी,
आणि काठ्यांची टोकं दगडावर,
गारपीट थांबायचं नावच घेत नाही जशी.
मारेला पुढे, मागे पिंता, गायार्दा रवंथ करत.
आम्ही चौघी फट शोधत उभ्या.

सूसो म्हणतो, गायी वीक, आई.
गोठ्यात बारा खाटा मावतात, खाटेला पंधरा युरो.
त्याचा हिशेब बरोबर आहे. मी दोनदा करून पाहिला.
नात आल्दारा फाटकाशी बसून शिक्के मारते.
बटाट्यात कोरलेलं गायीचं तोंड.
तीन दिवसांत बटाटा सुकतो, शिंगं वाकतात,
मग ती नवी गाय कोरते.

जूनमध्ये एकदा
गायींच्या बाजूला एक माणूस उभा दिसला,
हात मारेलाच्या पाठीवर, एका बुटाला सुतळी गुंडाळलेली.
ल पुईहून निघालेला. दोन महिने.
परवापर्यंत दिवसाला चार माणसं भेटायची म्हणाला.
आता त्या लोंढ्यात त्याचं पाऊल पडेना.
"हे सगळे आले कुठून?"
"बसने," मी म्हटलं.
तो हसला नाही.

तेवढ्यात मारेला स्वतःच निघाली,
भर वाटेत थांबली, शेपटी उचलली,
आणि केलं जे करायचं ते.
एका पिवळ्या टोपीने दोन्ही हात पसरून
अख्खी शाळा अडवली: "आधी गायी! आधी गायी!"
मग मोजलं: तीन गायी, एक आजी, एक काका.
काका शेणातून चालत गेला.

पलीकडे गेल्यावर तिने त्याला टाच दाखवली.
कालपासून चालत होती ती, फोड द्राक्षाएवढा.
त्याने खिशातून सुई काढली, दोरा ओवला,
वाटेतच गुडघे टेकले.
माणसं दोन्ही बाजूंनी फुटून जात राहिली,
कुणी शिव्या देत, कुणी फोटो काढत.
ती रडली नाही. तो मात्र सुई पुसताना
बराच वेळ खाली बघत होता.
मग दोघं गेली. कुठल्या टोपीमागे, कळलं नाही.

संध्याकाळी वाट रिकामी.
वाळत आलेल्या शेणात एक ठसा,
सुतळीचा वळ न् वळ उमटलेला.
आल्दारा म्हणाली, आजी, शिक्का!
मी खोऱ्याने सगळं कडेला ओढलं.
उद्या साडेसातला पुन्हा फट शोधायची,
आणि गायार्दा हल्ली घसरते.