चवीपुरतं

चौतीस वर्षं भोसरीत व्हर्नियर धरला.
शाफ्ट दोन शतांश जाड निघाला, की परत.
माझ्या सहीशिवाय खोकं गाडीत चढत नसे.

आता बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या हातात मिठाचा चमचा
आणि मालन खुर्चीतून सांगते: चवीपुरतं.
चवीपुरतं म्हणजे किती?
अगं, आकडा सांग.
म्हणते, अंदाजाने.

अंदाजाचं ड्रॉइंग कुठे मिळतं?
एवढी वर्षं डब्यातली भाजी
रोज एकाच चवीची कशी यायची,
हे मी कधी विचारलंच नव्हतं.

फेब्रुवारीत तिचा उजवा हात ओट्यावरून घसरला.
आधी पळी पडली, मग ती.
बोलणं न पिळलेल्या कपड्यासारखं जड.
डॉक्टर बोधनकर म्हणाले, वेळेत आणलंत.
मग चष्मा काढून: बीपीची गोळी कधीपासून बंद होती?
मी तिच्याकडे पाहिलं.
ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

पाकीट दिवाळीत संपलं होतं.
लेकीचं बाळंतपण, पाहुणे, चकलीची भाजणी,
आणि बरं तर वाटतंय, म्हणून राहिलं.
त्या दिवसांत औषधांच्या दुकानावरून
मी रोज दोनदा चालत गेलो होतो,
एकदा दूध आणायला, एकदा नुसताच.

पापड गेले. मेतकूट गेलं.
फरसाणाच्या पुडीवरची मुंगीएवढी अक्षरं
भिंगातून वाचली आणि पुडी वॉचमनला दिली,
मग वाटलं, त्यालाही बायको असेल.
लोणच्याची बरणी तेवढी राहिली, माळ्यावर,
कारण ती म्हणाली, टाकू नका, नुसती असू दे.

सोमवारी आणि गुरुवारी अल्फिया येते,
स्कूटर खाली लावून, व्यायाम घ्यायला.
पोरगी आमच्या तृप्तीहून लहान, पण दम देते.
उजव्या हाताने मटकी निवडायला लावते.
पहिल्या आठवड्यात चार दाणे.
घाम यायचा मालनला, चार दाण्यांना.
मी वाटी पुढे सरकवायला गेलो
तर अल्फिया म्हणाली, काका, तुमचे हात मागे.
हात मागे बांधून उभं राहणं
मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

परवा लोणच्यावरून भांडण झालं.
एक फोड, नुसती चाटून ठेवते, म्हणाली.
मी नाही म्हटलं. ती जेवली नाही.
रात्री नऊला माळ्यावर चढलो,
अर्धी फोड काढली, नळाखाली धुतली,
ताटाच्या कडेला ठेवली.
तिने चव घेतली आणि हसायला लागली,
तोंडाची डावी बाजू आधी, उजवी जरा मागून.
धुतलेलं लोणचं! म्हणाली,
तुमच्या कंपनीतच पास होईल हे.

रोज सकाळी सातला मशीन काढतो.
तिच्या दंडाला पट्टा, तिचा आकडा,
शंभर पानी वहीत, तारीख घालून.
आज तिने पट्टा माझ्या हातातून ओढून घेतला.
डाव्या हाताने आणि दातांनी
माझ्या दंडाभोवती आवळला.
मला काय झालंय, म्हणालो.
हेच मी दिवाळीत म्हणाले होते, ती म्हणाली.

एकशे अठ्ठावन्न. खाली शहाण्णव.
मशीन जुनं झालंय, मी म्हणालो.
परत लावलं. एकशे साठ.
शाफ्ट असता तर काय केलं असतं?
मी बोललो नाही.
वहीत माझ्यासाठी रकाना आखलेला नव्हता.
तिने समासात लिहिलं,
डाव्या हाताचे आकडे, पहिलीतल्या पोरासारखे,
सहा उलटा पडला, तो खोडून पुन्हा काढला.
दोघांचा नंबर लावा बोधनकरांकडे, म्हणाली, उद्याचाच.

आमटीला उकळी फुटली होती.
मी मिठाची चिमूट उचलली.
तिने नुसती भुवई हलवली.
अर्धी चिमूट बरणीत परत.