पाच टक्के

सकाळी साडेसातला गॅविन स्किपवर्थने
यंत्राची बिनदाती बादली मातीला टेकवली.
दात नकोत, असं मीच सांगितलं होतं.
रानाला चावायचं नाही,
सायीसारखं वरवर उचलायचं.

लिंकनशायरचं सपाट रान, फेब्रुवारी,
सातूची धसकटं अजून उभी.
अकरा घरं यायची आहेत इथे
आणि एक वळणाचा रस्ता.
त्याचं नाव कंपनीने आधीच ठरवलंय, चंडोल गल्ली.
चंडोल आत्ता डोक्यावर गातायत.
त्यांना कुणी कळवलेलं नाही.

सहा चर, प्रत्येकी तीस मीटर,
मिळून रानाचे पाच टक्के.
शितावरून भाताची परीक्षा,
फक्त शितं आम्हीच निवडलेली
आणि भात सातशे वर्षांचा शिळा.

पहिल्या चरात काही नाही.
दुसऱ्यात काही नाही, एक फुटकी पन्हाळी सोडून.
‘काही नाही’ हेही लिहावं लागतं,
तारीख घालून, सही करून.

तिसऱ्यात माती रंग बदलते.
पिवळ्या चिकणमातीत काळपट गोल डाग,
दीड मीटरवर दुसरा, मग तिसरा, रांगेत.
खांब कधीच कुजले.
उरलंय ते त्यांचं नसणं,
आणि ते नसणं आम्ही थापीने अर्धं कापून
मोजतो. खोली चौतीस सेंटिमीटर.

म्हणजे पांढर होती ही.
मग साथ आली, किंवा कुणीतरी
माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात असा हिशेब केला,
किंवा दोन्ही,
आणि पांढरीची काळी झाली.
आता काळीची पुन्हा पांढर,
खाली गाडी, वर दोन बेडरूम.

चौथ्यात चूल लागली.
भाजून लाल झालेली माती, कालवांचे शिंपले
(समुद्र इथून चाळीस मैल),
हिरव्या झिलईच्या सुरईचा कान.
आणि बरोबर अर्धी चूल गायब,
वरून कुणीतरी खड्डा मारलेला.
खड्ड्यात हाडं, मोठी, अलीकडची.
‘अरे देवा,’ मी म्हणाले.

‘तो ड्रमर,’ मागून आवाज आला.
विनिफ्रेड ओडलिंग, हातात थर्मास.
रान तिचंच होतं. विकलं, कारण गुडघे,
कारण मुलगा पर्थहून परत यायचा नाही.
‘आमचा शेवटचा घोडा. सत्त्याऐंशी साल.
सिरिल रात्रभर हाताने खणत होता,
मला जवळ येऊ देईना.
खाली काहीतरी भाजलेलं लागलं, म्हणाला,
जुनी वीटभट्टी असेल.
एक हिरवा तुकडा घेऊन आला होता खिशात.
अजून आहे खिडकीत. साबण ठेवते मी त्यात.’

मी तो मागायला हवा होता.
नियम तसा आहे.
मी चहा घेतला.

तक्त्यात लिहिलं:
आधुनिक अडथळा. प्राण्याचे अवशेष.
नावाला रकाना नाही.
चूल कुणाची, त्यालाही नाही,
म्हणजे अन्याय तरी सारखाच.

शुक्रवारी गॅविनने सगळं परत लोटलं,
खालची माती खाली, वरची वर,
जणू रानाला पत्ताच लागू द्यायचा नव्हता.
चरांच्या मधल्या पंच्याण्णव टक्क्यांत काय आहे
ते पाया ओतणाऱ्यांना कळेल,
नाहीतर त्यांनाही नाही.

जाताना तिने विचारलं,
‘ड्रमरवर नक्की काय येणार?’
बॉनेटवर नकाशा उघडला, वारा त्याला राहू देईना.
घर क्रमांक सात. स्वयंपाकघर.
ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, ‘खिडकी कुठल्या बाजूला?’
‘पश्चिमेला,’ मी म्हणाले.

नकाशा उलटा धरला होता,
हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.