दाभण

लढाईचं मला विचारू नका.
मी मागे होतो, गाड्यांच्या धुरळ्यात,
मांडीवर दुसऱ्याचा जोडा,
दातांत मेणाचा दोरा.
मला पायांचं विचारा.

निघालो तेव्हा सातू अर्धा कापलेला,
अर्धा उभा.
एडिवा कुंपणापर्यंत आली, बोलली काहीच नाही,
पिशवीत कांदे टाकले आणि
विळा उचलून परत शेतात गेली.
उभं पीक माणसाची वाट बघत नसतं.

उत्तरेला लांब जहाजं लागलीत म्हणे,
दोनशे. कुणी म्हणे पाचशे.
अंधार पडेतो ती हजार झाली.
जहाजं कुणीच मोजली नव्हती,
मी जोडे मोजत होतो:
पहिल्या दिवशी फाटके अकरा,
दुसऱ्या दिवशी चाळीस,
तिसऱ्या दिवशी मोजणं सोडलं.

रस्ता रोमनांचा.
ते कोण होते, कुठे गेले, ठाऊक नाही,
पण दगड असे बसवलेत की चुकायची सोय नाही.
सरळ. नुसता सरळ.
वळण असलं की माणूस वळणापर्यंत चालतो,
मग पुढच्या वळणापर्यंत.
इथे सगळी वाट एकदमच समोर.
गाईचं कातडं त्या दगडांवर
ओल्या भाकरीसारखं विरायचं.

ओस्मुंद. हनुवटीवर धड लवसुद्धा नाही,
खांद्यावर आज्याचा भाला, त्याच्याहून हातभर उंच.
रात्री पाय माझ्यापुढे करून म्हणाला,
"टोटाकाका, पाय शिवता येतो का?"
हसलो. मग पाहिलं.
टाचेचं कातडं आणि जोड्याचं कातडं
एकमेकांत गेलेलं,
कुठलं कुणाचं, दिवा जवळ नेल्याशिवाय कळेना.
डुकराची चरबी लावली.
झोपला तरी त्याचे पाय चालत होते,
कुत्रं झोपेत धावतं तसे.

जिंकलो.
पूल अरुंद होता, एवढं मी पाहिलं.
आणि पाहिलं ते हे, की संध्याकाळी
आमची माणसं ओळीने बसून
मेलेल्यांचे जोडे पायाला लावून बघत होती,
जत्रेत बघतात तशी:
हा घट्ट, हा सैल, याचा जोडीदार कुठाय.
त्या लोकांची शिवण चांगली.
टाका बारीक, आत लोकर.
कुठल्याशा बर्फाच्या गावी कुणीतरी
माझ्यासारखाच दात विचकून दोरा ओढला असेल.
त्याचं काम मी उसवत बसलो,
आमच्या पायांच्या मापाचं करायला.

मधाची दारू आली. झोपलो, मेल्यासारखे.
मग दक्षिणेकडून एक स्वार आला,
घोड्याच्या तोंडाला फेस,
त्याच्या तोंडी एकच वाक्य:
खाली किनाऱ्यावर दुसरे उतरलेत, घोड्यांसकट.

कुणी शिवीही दिली नाही.
एकजण हसला, आणि हसतच राहिला,
शेवटी त्याला पाणी पाजावं लागलं.
ओस्मुंदने नव्या जोड्यांच्या वाद्या आवळल्या.
"काका, हे त्या बाजूला चालतील ना?"
म्हटलं, जोड्याला बाजू नसते.

तोच रस्ता. तेच दगड.
ऊन आता तोंडावर.
डोक्यावरून रानहंसांच्या ओळी, आमच्याच दिशेने,
आम्हाला मागे टाकत.
आमचं गाव रस्त्यापासून अर्ध्या कोसावर.
आमच्याच चुलीचा असेल, नसेल, पण धूर दिसला.
बाया वाकून लोंब्या वेचत होत्या,
इतक्या लांबून पाठ ओळखता येत नाही.
मी सांगितलंच, त्या रस्त्याला वळण नाही.

समुद्राचा वास यायला लागला त्या रात्री
पोराचे पाय हलले नाहीत.
दिवा नेऊन आधी श्वास बघितला.
मग त्याचे जोडे मांडीवर घेतले.
दोरा संपलेला. कांदे कधीच संपलेले.
एडिवाची पिशवी उसवली,
तिच्या हातचा दोरा काढून मेण लावलं,
आणि डाव्या जोड्याला टाके घातले, जमतील तितके.
उजवा राहिला.